आधी तरुण, मग म्हातारे

१

ऐका आता, आणि मध्येमध्ये कोणी बोलायचं नाही, नाहीतर माझा धागा तुटतो. सोमवारी सकाळी ताईने फ्रीजर उघडला आणि म्हातारे गायब!

म्हणजे म्हातारे उंदीर नाही हो. त्यांचे थेंब. थांबा, हे आधी सांगायला हवं. आमच्या प्रयोगशाळेत काय करतात, तर उंदराच्या मेंदूत केसासारखी बारीक नळी बसवतात. उंदीर आपला पिंजऱ्यात फिरतो, खातो, झोपतो, आणि त्या नळीतून खारं पाणी हळूहळू आत जाऊन बाहेर येतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जे रसायन सोडतात ना, डोपामिन, त्यातलं थोडंसं त्या पाण्याबरोबर येतं. ते थेंब इवल्याशा बाटल्यांत भरायचे आणि गोठवायचे. मग मशीनची सुई बाटलीच्या रबरी झाकणातून आत घुसते, घोटभर पिते आणि सांगते, की किती निरोप सुटला.

तरुण उंदरांत किती आणि म्हाताऱ्यांत किती, एवढाच आमच्या ताईचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या थोरल्या विद्यार्थिनीचा, प्रबंध. एवढाच म्हणते मी, पण त्यात तिची सहा वर्षं गेली. लग्न लांबलं, चष्म्याचा नंबर वाढला, आईशी बोलणं फोनवर ‘जेवलीस का, जेवले’ एवढ्यावर आलं. उत्तर मात्र झकास आलं होतं. म्हाताऱ्यांत निरोप निम्म्याहून कमी!

तर बाहेरचे परीक्षक म्हणाले, घसरण जरा जास्तच वाटते, मी गुरुवारी येतो, माझ्यासमोर म्हाताऱ्यांच्या बाटल्या पुन्हा मोजा. ताई म्हणाली, अवश्य.

आणि सोमवारी कप्प्यात तरुणांचा डबा होता. म्हाताऱ्यांचा नव्हता.

दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर कुजबुज. आकडे घरी बसून रचले असणार, आता उघडं पडणार म्हणून डबाच गिळला. चोराच्या मनात चांदणं! डबा नाही सापडला तर प्रबंध रद्द, आणि खोटारडी म्हणून शिक्का. मग तिला कोण दारात उभं करणार?

फ्रीजरच्या किल्ल्या चौघांकडे. ताई. आमचे सर, ताईचे गुरू. मशीन चालवणारे मशीनदादा. आणि चौथी किल्ली, ऐका हां, सगळ्यात धाकटी मी, माझ्याकडे.

२

चौकशी कोणाकडे द्यावी? पोलिसांत गेलं तर संस्थेची अब्रू जाते. म्हणून संचालकांनी ती ढकलली प्राणीघराच्या डॉक्टरबाईंवर.

डॉक्टरबाई म्हणजे उंदरांच्या डॉक्टर. गुडघे दुखतात म्हणून कायम सपाता घालून फिरतात आणि प्रत्येक वाक्याआधी एक सुस्कारा टाकतात. त्यांचा जीव एकाच पिंजऱ्यात. प्रयोगात कधीच न घेतलेले, नुसतेच म्हातारे होऊ दिलेले उंदीर आहेत तिथे. उंदीर म्हातारे झाले की त्यांना काय काय होतं ते पाहायला. बाई त्यांना ‘पेन्शनर’ म्हणतात.

मी गेले तेव्हा त्या एका पेन्शनराचे दात तपासत होत्या.

“ये. तूही संशयित ना?”

“हो,” मी म्हटलं.

“मशीन चालवता येतं तुला?”

“चालूसुद्धा करता येत नाही. दादा हात लावू देत नाहीत.”

“बरंय. मग माझ्याबरोबर चल. मेंदूतलं मला काही कळत नाही, वाटेत समजावून सांग.” आणि पेन्शनराला हळूच खाली ठेवत म्हणाल्या, “काय माणसं आहेत. एक डबा सांभाळता येत नाही, आणि निघालेत म्हातारपणाचं कोडं सोडवायला.”

पहिली पाळी ताईची. ती टेबलाशी बसली होती, समोर चहा, त्यावर साय आलेली.

“शुक्रवारी डबा होता?”

“होता. मीच कप्पा लावला.”

“किल्ली अजून कोणाकडे असते?”

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “माझ्याकडेच असते बहुतेक.”

“आणि सरांकडे?”

“सर कशाला फ्रीजर उघडतील? त्यांना नका विचारू बाई. त्यांची तब्येत बरी नसते. माझं जे व्हायचं ते होऊ दे.”

मी तर उडालेच! माझ्या डोळ्यांदेखत सर कितीदा फ्रीजर उघडतात! बाहेर आल्याआल्या मी बाईंना म्हटलं, “ताई खोटं बोलली.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “पण खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवतो गं. ही स्वतःला खड्ड्यात घालतेय. कोणासाठी?”

३

मशीनदादा मशीनजवळ स्टुलावर बसले होते. त्यांना निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत आणि ते मशीनशी बैलाशी बोलावं तसं बोलतात.

“दादा, नवीन मशीन का घेत नाहीत हो?” बाईंनी सहज विचारलं.

“हे काय वाईट आहे? संध्याकाळपर्यंत थकतं बिचारं, माणसासारखंच. रोज सकाळी मोजणारं टोक घासून पुसून दिलं, किती डोपामिन आहे ते आधीच ठाऊक असलेलं ओळखीचं द्रावण पाजलं, की बरोब्बर आकडा सांगतं.”

“शनिवार-रविवार इथे कोणी आलं होतं?”

दादा फडकं घेऊन उगाच काच पुसायला लागले.

“दादा, त्या पोरीचा प्रश्न आहे.”

“सोमवारी आलो तर मशीन कोमट होतं,” ते एकदाचे बोलले. “पहारेकऱ्याला विचारलं. म्हणाला, सर आले होते रविवारी, रात्री उशिरा गेले. बाई, आता तुमच्यापासून काय लपवायचं. सरांचं हल्ली काही खरं नाही. सुट्टी आहे हेच विसरतात. येऊन बसले असतील मशीन लावून, सवयीने. मला एकच गोष्ट परत परत विचारतात. ‘दादा, बाटल्या कोणत्या क्रमाने लावता?’ अहो, तुम्हीच घालून दिलेला क्रम आहे! आधी तरुण, मग म्हातारे. म्हातारे उंदीर भुलीतून उठायला वेळ घेतात, पूर्वी न गोठवता मोजायचो तेव्हा त्यांचे थेंब उशिरा हातात यायचे, म्हणून पहिल्यापासून हीच पद्धत.”

मला एकदम आठवलं. “अय्या, मलापण विचारलं होतं! आणि ताईलाही. आणि मला ताईच्याच नावाने हाक मारली.”

“मला तर तो तीस वर्षं दुसऱ्याच बाईच्या नावाने हाक मारतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यात विशेष काही नाही.”

दादांचे डोळे भरले होते. “डबा त्यांनीच कुठेतरी ठेवलाय हो विसरून. मला माहितीय आणि पोरीलाही माहितीय. पण ज्या माणसाने जन्मभर म्हातारा मेंदू अभ्यासला, त्याला चारचौघांत कसं सांगायचं, की सर, तुमचाच मेंदू...”

म्हणजे ताई सगळं अंगावर घेत होती ती यासाठी.

बाईंनी सुस्कारा टाकला. “कुठेतरी म्हणजे कुठे? विसराळू माणूस वस्तू जुन्या जागी ठेवतो. आधी फ्रीजर कुठे होता तुमचा?”

“पलीकडच्या जुन्या खोलीत. तो बंद पडलेला अजून तिथेच आहे. पण मी सोमवारीच पाहिलं ना तिथे! दार उघडलं, तर नुसती हातमोज्यांची खोकी. आम्ही त्याचं कपाट केलंय.”

बाई उठल्या. गुडघा धरून, पण उठल्या.

४

जुन्या खोलीत धूळ, मोडकी स्टुलं आणि तो मेलेला फ्रीजर. दार उघडलं. खरंच, हातमोज्यांची खोकी, एकावर एक नीट रचलेली, भिंत बांधल्यासारखी.

“काढ,” बाई म्हणाल्या.

मी एक खोकं काढलं, दुसरं काढलं, आणि त्यामागे ताईच्या अक्षरातला डबा!

मी किंचाळले. दादा धावत आले, मागून ताई आली. ताईने डबा हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. डबा खोलीसारखाच कोमट. आतले थेंब कधीच वितळून नासले होते. डोपामिन असं उघड्यावर टिकत नाही, दुधासारखं फुटतं समजा.

“बिचारे सर,” ताई एवढंच म्हणाली. आणि खाली बसली.

“सर बिचारे आहेत का ते बघू,” बाई म्हणाल्या. “दादा, तुम्ही दार उघडलंत तेव्हा डबा दिसला नाही. का?”

“मागे होता म्हणून.”

“विसराळू माणूस इथे आला. जुन्या सवयीने दार उघडलं. समोर हातमोजे. तो काय करेल? एक तर चमकेल, अरे, हे तर कपाट आहे. नाहीतर डबा मोज्यांवर टेकवून निघून जाईल. पण पुढची खोकी काढून, डबा मागे सारून, खोकी परत नीट रचून? विसरलेलं असं ठेवत नाहीत. लपवलेलं असं ठेवतात.”



बाईंनी डब्यातली एक बाटली उचलून उजेडात धरली. “डोळे गेले माझे. या झाकणावर किती भोकं दिसतात गं?”

मी पाहिलं. दुसरी बाटली घेतली. तिसरी. “दोन. सगळ्यांवर दोन दोन!”

“शक्यच नाही,” ताई म्हणाली. “मी प्रत्येक बाटली एकदाच मोजली. एक मोजणी, एक भोक. तरुणांचा डबा बघा हवं तर.”

बघितला. तिथे एकेकच.

म्हणजे लपवण्याआधी कोणीतरी म्हाताऱ्यांचे थेंब गुपचूप पुन्हा मोजले होते!

५

सरांच्या खोलीत आम्ही चौघं शिरलो तेव्हा ते खिडकीशी उभे होते. केस पांढरे, स्वेटरची बटणं एका घराने चुकलेली.

“सर,” डॉक्टरबाई न विचारताच खुर्चीत बसल्या, “मला जिना चढवत नाही, तेव्हा एकदाच काय ते बोलते. या पोरीने आकडे रचले असते तर परीक्षकांना ‘अवश्य’ म्हणाली नसती. दादांनी चोरून मोजलं असतं तर मशीन कोमट होतं हे आपणहून सांगितलं नसतं. ह्या धाकटीला मशीन चालूच करता येत नाही. राहिलात तुम्ही. रविवारी आलात.”

“रविवार होता का?” सर म्हणाले. “हल्ली माझ्या लक्षात...”

“नका,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही हां, नुसत्या कंटाळल्यासारख्या म्हणाल्या, नका. “एकच प्रश्न तुम्ही तिघांना विचारलात. एकाच माणसाला तीनदा विचारतो तो विसराळू. तीन माणसांना एकेकदा विचारतो तो चौकशी करत असतो. मी दोन दिवस दुसरं काय करतेय?”

“मला तर दोन-तीनदा...” दादा पुटपुटले.

“तुमची उत्तरं लांबलचक असतात दादा. तुम्हाला दोन-तीनदाच विचारावं लागतं.”

आणि सर हसले! खरंच हसले. मग खाली बसले, आणि एकाएकी खूप थकलेले दिसले. पण विसराळू? अजिबात नाही. डोळे लख्ख.

“परीक्षकांचा निरोप आल्यापासून मला झोप नाही,” ते म्हणाले. “घसरण इतकी कशी? वयाने निरोप मंदावतो, पण इतका? मग मनात आलं, क्रम. सकाळी दादा मशीन घासून देतात, त्यावर तरुण मोजले जातात. मोजता मोजता मशीनच्या टोकावर थर चढत जातो, आणि मशीन कमी कमी सांगायला लागतं. म्हातारे नेमके तेव्हा येतात. आम्ही दिवसाच्या शेवटी ओळखीचं द्रावण पुन्हा घालून कधी पाहिलंच नाही. कारण उत्तर आम्हाला हवं तसंच येत होतं. म्हातारे ना, मग कमी असणारच. रविवारी ताज्या मशीनवर म्हातारे आधी मोजले. तरुणांपेक्षा थोडेसे कमी. थोडेसेच.”

ताईने चष्मा काढला.

“म्हणजे थकले होते ते उंदीर नाही,” बाई म्हणाल्या.

“मशीन थकलं होतं. आणि पद्धत माझी. हिने फक्त माझं ऐकलं. गुरुवारी परीक्षकांसमोर आकडे जुळले नसते, आणि खोटी ठरली असती ही. मी म्हटलं, डबाच नाहीसा झाला तर? हे दोघं हल्ली माझ्याकडे कसे बघतात ते मला दिसतं. मला जिन्यावर हात देतात, माझ्यासमोर हळू बोलतात. म्हातारा विसरला म्हणतील, कोणावर आळ येणार नाही, प्रबंध पार पडेल. म्हणून मुद्दाम जुन्या फ्रीजरमध्ये ठेवला. समोर ठेवला असता तर वितळायच्या आत कोणाला तरी सापडला असता. मागे ठेवला, तिथेच चुकलो.”

“तिथे नाही चुकलात,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला वाटलं, हे दोघं तुमचं नाव घेतील. यांनी जीव गेला तरी चारचौघांत घेतलं नाही. तुमची अब्रू झाकायला पोरगी स्वतः बदनाम व्हायला निघाली होती. आणि तुम्ही सोमवारपासून या खिडकीत उभे.”

सरांनी मान खाली घातली. “आज बोलणार होतो. उद्या बोलणार होतो. वय झालं की धीर कमी होतो, ते मोजायचं मशीन नाही.”

ताई तेव्हा पहिल्यांदा बोलली, आणि काय बोलली माहितीय? “सर, मला विचारायचं तरी.” बस्स. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६

पण पुढे काय? थेंब नासले. सरांनी कबूल केलं तरी लोक म्हणणार, गुरू शिष्येला वाचवतोय. तिने आकडे रचले नव्हते याला पुरावा काय?

तो ताईलाच सुचला. उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “दादा, उद्या मशीन सकाळी घासा. दिवसभर नेहमीसारखं चालू द्या. आणि संध्याकाळी तरुणांचा डबा लावा.”

मला आधी कळलंच नाही! तुम्हाला कळलं? अहो, तरुणांचे थेंब धडधाकट होते ना, गोठलेले, एकदाच मोजलेले. तेच थेंब थकलेल्या मशीनला दिले तर?

बुधवारी संध्याकाळी आम्ही सगळे मशीनभोवती. डॉक्टरबाईंनी पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवलेले. सुई झाकणातून आत गेली. पडद्यावर रेघ सरळ, सरळ, आणि मग तिने उंचवटा काढला; तो जितका उंच, तितका निरोप जास्त. बुटका. प्रबंधात म्हाताऱ्यांचा होता ना, अगदी तसाच. दुसरी बाटली, तसाच. त्या दिवशी संध्याकाळी आमचे सगळे तरुण उंदीर म्हातारे झाले.

दादा मशीनवर हात ठेवून म्हणाले, “इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस होय रे?”

“तुम्हीच सांगत होतात की सगळ्यांना,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत थकतं बिचारं म्हणून. कोणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही.”

गुरुवारी परीक्षकांपुढे सर स्वतः उभे राहिले, स्वेटरची बटणं नीट लावून. रविवारपासून बुधवारपर्यंतचं सगळं सांगितलं, डबा कोणी लपवला तेही. परीक्षक बराच वेळ त्या बुटक्या उंचवट्यांकडे पाहत राहिले. म्हणाले, मुलगी खोटी नाही, पण अर्धा प्रबंध उभा राहत नाही. म्हाताऱ्यांचे थेंब पुन्हा घ्यावे लागतील.

आणि उंदीर काय बाजारात म्हातारा मिळतो? तो म्हातारा होईपर्यंत दोन वर्षं वाट बघावी लागते. ताईने डोळे मिटून घेतले. आणखी दोन वर्षं! तिच्या आईला काय सांगणार?

तेव्हा कोपऱ्यातून सुस्कारा आला.

“माझे पेन्शनर आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यांना काही कराल तर नीट करा. भूल मी देणार. आणि मी सांगेन तेव्हाच उठवायचं.” मग माझ्याकडे वळून, “ए, मला इथून खाली घेऊन चल. पिंजरा मला आधी एकटीने बघायचाय.”

मी त्यांना हात दिला.

आता सरांकडे पद नाही, त्यांनीच सोडलं. पण परवा पेन्शनरांचे पहिले थेंब मोजायचे होते, तर सकाळी सर दारात. आत येऊ का नको करत उभे. दादा टोक घासत होते. आम्ही सगळे अवघडून गेलो. ताईने बाटल्या मांडल्या, वर न बघता विचारलं, “दादा, क्रम काय आज?”

“आधी म्हातारे,” दादा म्हणाले.

ताईने मशीनसमोरची खुर्ची ओढली आणि दाराकडे फिरवली.

“मग या ना सर. खोळंबलंय सगळं.”